वाचकांचे प्रश्न : गाठ एकीकडे, बिघाड दुसरीकडे

या महिन्यातल्या पत्रांपैकी सहा निवडली आहेत. तक्रार साखरेची, हाडांची, जुलाबाची. मूळ मात्र भलत्याच जागी बसलेल्या गाठीत किंवा रक्ताच्या कर्करोगात. असे आजार एकेका डॉक्टरच्या वाट्याला फार थोड्या वेळा येतात, आणि निदान हुकतं ते बऱ्याचदा रक्त चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या नळीत घेतल्यामुळे. म्हणून नमुना कसा घ्यायचा यावर आम्ही जरा जास्तच रेंगाळलो आहोत. औषधांच्या मात्रा समजून घेण्यासाठी दिल्या आहेत. त्या पाहून घरच्या घरी फेरफार करू नका.

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे. मधुमेह नाही, कसली गोळी नाही. दोन महिन्यांपासून पहाटे चारच्या सुमाराला घामाने निथळतात, बरळतात, आम्हाला ओळखत नाहीत. साखरपाणी पाजलं की पंधरा मिनिटांत ताळ्यावर येतात. एकदा साखर ३८ निघाली. इन्सुलिन तपासलं तर तेही अगदी कमी. एक्स-रेत छातीत उजवीकडे नारळाएवढी गाठ आहे. डॉक्टर म्हणतात साखर गाठीमुळे पडते. छातीतल्या गाठीचा साखरेशी काय संबंध? — सातारा

उत्तर : डॉक्टरांचा अंदाज बरोबर दिशेने आहे. साखर पाडणारी गाठ म्हटलं की सगळ्यांना स्वादुपिंडातला इन्सुलिनोमा आठवतो. तो बहुधा दोन सेंटिमीटरहून लहान असतो आणि इन्सुलिन ओततो. तुमच्या वडिलांचं चित्र उलटं आहे : गाठ मोठी, इन्सुलिन जवळजवळ शून्य, तरी साखर खाली. म्हणजे इन्सुलिनचं काम दुसरंच कुणीतरी करतं आहे.

तो दुसरा म्हणजे ‘आयजीएफ-२’. एरवी हे प्रथिन रक्तात दोन मोठ्या वाहक प्रथिनांच्या मिठीत असतं, रक्तवाहिनीबाहेर पडू शकत नाही. काही गाठी त्याचं अर्धवट घडलेलं, आकाराने मोठं रूप तयार करतात. वाहकांना ते नीट धरता येत नाही, ते सुटतं आणि स्नायूंत व यकृतात इन्सुलिनच्याच कुलपांना किल्ली लावतं. स्नायू साखर ओढू लागतात आणि यकृत ती सोडायचं थांबतं. दिवसा खाणंपिणं चालू असतं म्हणून निभावतं; रात्री आठ-नऊ तास सगळी मदार यकृतावर, म्हणून पहाटे कोसळतं. फुप्फुसाच्या आवरणातल्या ‘सॉलिटरी फायब्रस ट्यूमर’मुळे हे घडतं तेव्हा त्याला डोगे-पॉटर सिंड्रोम म्हणतात. या दोघांनी १९३० मध्ये स्वतंत्रपणे या गाठीचं वर्णन केलं होतं. यकृताच्या कर्करोगात आणि पोटातल्या मोठ्या सार्कोमातही हे दिसतं.

सिद्ध करण्याची पद्धत ठरलेली आहे. साखर पडलेली असतानाच, ग्लुकोज देण्याआधी, शिरेतून रक्त घ्यायचं. अर्थात हे रुग्णालयात, हाताशी सलाइन लावलेलं असताना. करड्या टोपणाच्या फ्लोराइडच्या नळीत साखर, आणि त्याच सुईतून इन्सुलिन, सी-पेप्टाइड (शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवताना सुटणारा तुकडा), बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट (एक कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारा पदार्थ) व कॉर्टिसॉल. साखर ५५ च्या खाली असताना इन्सुलिन ३ किंवा अधिक आणि सी-पेप्टाइड ०.६ किंवा अधिक आलं तर संशय इन्सुलिनोमाचा. दोन्ही त्याहून कमी असूनही कीटोन वाढलेले नसतील (बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट २.७ च्या आत), तर आयजीएफ-२ चा. उपाशी माणसाची साखर पडली की कीटोन वर जायलाच हवेत. ते गेले नाहीत याचा अर्थ इन्सुलिनसारखं काहीतरी त्यांना दाबून धरतं आहे. पुढे आयजीएफ-२ आणि त्याचं भावंड आयजीएफ-१ यांचं गुणोत्तर काढतात. निरोगी माणसात ते साधारण ३ असतं, १० च्या वर गेलं की शंका फारशी उरत नाही. पोटॅशियमही पाहून घ्या, तेही पडलेलं असू शकतं.

इथे होणारी सर्वांत महागडी चूक म्हणजे साखरपाणी देऊन झाल्यावर, सगळं स्थिरस्थावर झाल्यावर, सकाळी नऊला प्रयोगशाळेत जाऊन इन्सुलिन तपासणं. त्या आकड्याला काही अर्थ नसतो. बोटाला टोचून पाहायचं यंत्रही एवढ्या खालच्या आकड्यांना भरवशाचं नाही. आणखी एक गोष्ट घरात तपासा : आजीची किंवा आईची मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी चुकून वडिलांच्या डब्यात जात नाही ना? ती गोळी इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड दोन्ही वाढवते आणि हुबेहूब इन्सुलिनोमाचं सोंग घेते. वडिलांचं इन्सुलिन कमी आहे म्हणून त्यांच्यात ही शक्यता कमी, पण त्या गोळ्यांसाठीची वेगळी तपासणी अशा प्रत्येक रुग्णात लावावी असं आमचं मत आहे.

शस्त्रक्रियेपर्यंत काय करायचं? झोपताना भाकरी-भाजीचं नीट जेवण आणि रात्री दोनचा गजर लावून पुन्हा खाणं. दोन्ही वेळेला कच्चा कॉर्नफ्लॉवर थंड पाण्यात किंवा गार दुधात ढवळून देता येतो. वजनाच्या किलोमागे साधारण १ ग्रॅमपासून सुरुवात करतात, नक्की मात्रा आहारतज्ज्ञांकडून घ्या. तो शिजवायचा नाही, गरम दुधातही घालायचा नाही. गरम झाला की पिठाचे कण फुगतात, फुटतात आणि तासाभरात पचून जातात. कच्चा राहिला तर चार-सहा तास थोडी थोडी साखर सुटत राहते. घरात तो खिरीला लावायची सवय असते, म्हणून मुद्दाम सांगतो. झटका आला आणि शुद्ध असेल तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, मग पोटभर खाणं. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोजची १०० मिलीची बाटली गेली की २५ ग्रॅम साखर पोचते, पण तीही काही काळच टिकते. घरी नमुन्यासाठी थांबून राहण्याचा विचारसुद्धा करू नका.

औषधांत प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा उपयोग होतो, दिवसाला ३० ते ६० मिलिग्रॅमपर्यंत. ते त्या अर्धवट प्रथिनाचं उत्पादनच कमी करतं. गाठींची संप्रेरकं दाबणाऱ्या ऑक्ट्रिओटाइडच्या इंजेक्शनवर इथे फार आशा ठेवू नका. खरा इलाज गाठ पूर्ण काढणं. ती निघाली की साखर तासा-दिवसांत सावरते. ही गाठ वर्षांनंतरही उलटू शकते, आणि पहाटेचा घाम कधीकधी स्कॅनच्या आधी बातमी देतो, म्हणून ग्लुकोमीटर माळ्यावर टाकू नका.

प्रश्न : भाऊ ४१ वर्षांचा, शेती करतो. तीन वर्षांपासून बरगड्या, मांड्या, टाचा दुखतात. आता बदकासारखा डुलत चालतो, जिन्याला कठड्याचा आधार लागतो. आधी मणक्याचा संधिवात म्हणून औषधं झाली, मग मनाचा आजार म्हणून. ६० हजार युनिटची व्हिटॅमिन डीची पाकिटं तर मोजायची सोडली. आता कुणीतरी फॉस्फरस तपासला, तो १.४ आहे. ‘कुठेतरी गाठ असेल’ म्हणतात, पण पूर्ण शरीराच्या पेट स्कॅनमध्ये काही नाही. — लातूर

उत्तर : ज्याने फॉस्फरस तपासला त्याचे आभार माना. नेहमीच्या ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये तो पुष्कळदा नसतोच. प्रौढांत तो २.५ ते ४.५ हवा. हाड म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट; फॉस्फेटच नसेल तर नवं हाड मऊ राहतं, वजनाने त्याला बारीक चिरा पडतात. या चिरा हाडांच्या स्कॅनवर जागोजागी चमकतात आणि कर्करोग पसरल्यासारखं दिसतं. अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं असेल, रिपोर्ट काढून बघा.

भावाला बहुधा ‘ट्यूमर-इंड्यूस्ड ऑस्टिओमलेशिया’ आहे, म्हणजे गाठीमुळे हाडं मऊ पडणं. गाठ बहुतेक वेळा कर्करोगाची नसते, चण्या-सुपारीएवढी असते, आणि ‘एफजीएफ-२३’ नावाचं संप्रेरक भरमसाट सोडते. ते मूत्रपिंडातल्या फॉस्फेट परत ओढणाऱ्या वाटा बंद करतं आणि व्हिटॅमिन डीचं रूपांतर कामाच्या रूपात होऊ देत नाही. पाकिटांचा उपयोग का झाला नाही, ते यातच आलं. असा पहिला रुग्ण इंग्लंडमध्ये १९४७ साली नोंदवला गेला, संप्रेरक मात्र सापडलं २००१ मध्ये.

आधी खात्री करा की फॉस्फेट लघवीवाटेच जातो आहे. रात्रभर उपास, सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, दोन तासांनी दुसरी गोळा करायची आणि त्याच वेळी रक्त. दोन्हींत फॉस्फेट आणि क्रिएटिनिन. समजा लघवीत फॉस्फेट ४० आणि क्रिएटिनिन ८०, रक्तात फॉस्फेट १.४ आणि क्रिएटिनिन ०.८. मग ४० गुणिले ०.८ म्हणजे ३२, १.४ गुणिले ८० म्हणजे ११२. ३२ भागिले ११२ म्हणजे ०.२९. हे एकातून वजा केलं की ०.७१, म्हणजे मूत्रपिंड ७१ टक्केच फॉस्फेट वाचवतं आहे. रक्तात एवढा दुष्काळ असताना ते ८५-९० टक्क्यांच्या वर हवं. ०.७१ ला १.४ ने गुणलं की साधारण १.०, हा आकडा प्रौढांत २.५ च्या आसपास किंवा वर असतो. हिशेब पाच मिनिटांचा आहे, कागदावर करून डॉक्टरांपुढे ठेवा.

गाठ शोधायला धावण्याआधी तीन गोष्टी विचारा. हिपॅटायटिस बी किंवा एचआयव्हीसाठी टेनोफोव्हिर चालू आहे का? रक्त कमी म्हणून फेरिक कार्बॉक्सीमाल्टोज या लोहाच्या सलाइनचे डोस झाले आहेत का? हे लोह स्वतःच एफजीएफ-२३ वाढवतं. आणि घरात लहानपणापासून पाय वाकलेलं, बुटकं कुणी आहे का? तिन्हींना ‘नाही’ आलं की गाठीचा माग. एफजीएफ-२३ तपासण्याआधी फॉस्फेट आणि कॅल्सिट्रिऑल (व्हिटॅमिन डीचं कामाचं रूप) चालू असेल तर काही दिवस थांबवावं लागतं, कारण ही औषधंही ते वाढवतात.

आता स्कॅन. तुमचा ‘पूर्ण शरीराचा’ पेट बहुधा साखरेवरचा होता आणि मांडीच्या मध्यावर थांबला होता. बहुतेक कर्करोगांसाठी तेवढं पुरतं, म्हणून मशीन तसंच लावलेलं असतं. इथे साखरेऐवजी गॅलियम डोटाटेट वापरणारं पेट-सीटी लागतं, आणि तेही डोक्याच्या टाळूपासून पायाच्या नखापर्यंत, दोन्ही हात चौकटीत ठेवून. चिठ्ठीवर हे शब्दांत लिहून घ्या. लिहिलं नाही तर तंत्रज्ञ नेहमीसारखंच करणार, त्याचा दोष नाही. त्याआधी एका जाणत्या डॉक्टरने भावाला उजेडात, कपडे उतरवून, बोटांनी तपासावं : तळवे, बोटांच्या बेचक्या, गुडघ्यामागची लवण, जबडा, हिरड्या. नाक कायम चोंदतं किंवा नाकातून रक्त येतं का, हेही विचारा. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या एंडोक्रायनॉलॉजी विभागाने डोक्या-मानेतल्या अशा गाठींवर काम प्रसिद्ध केलं आहे. नाकाच्या पोकळीतली गाठ जुनी सर्दी म्हणून खपून जाते. स्कॅनवर ठिपका दिसला की त्या जागेचा एमआरआय, कारण ताज्या फ्रॅक्चरच्या जागाही थोड्या चमकतात.

शल्यविशारदाला एक सांगावं लागतं : नुसती खरवडून चालत नाही, भोवतालच्या निरोगी कडेसकट काढावी, नाहीतर उरलेला कण पुन्हा तेच सुरू करतो. नीट निघाली तर फॉस्फेट काही दिवसांत सुधारतो, दुखणं कमी व्हायला आठवडे ते महिने, आणि डुलणं सगळ्यांत शेवटी जातं.

गाठ सापडेपर्यंत फॉस्फेट आणि कॅल्सिट्रिऑल. आपल्याकडे फॉस्फेट पुष्कळदा ‘जूली सोल्यूशन’ म्हणून बनवून मिळतं, त्याच्या १ मिलीत सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. दिवसाची मात्रा चार-पाच वेळा विभागून, पाण्यात पातळ करून घ्यायची. एकदम घेतली तर जुलाब होतात आणि दोन तासांत सगळं लघवीवाटे निघून जातं. दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको, पोटातच दोघं एकमेकांना धरून बसतात. जास्त झालं तर पॅराथायरॉइड (मानेतल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी) चेकाळतात, मूत्रपिंडात खडे साचतात. म्हणून दर तीन महिन्यांनी कॅल्शियम, क्रिएटिनिन, पॅराथायरॉइडचं संप्रेरक तपासावं. एफजीएफ-२३ ला थेट अडवणारं बुरोसुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत २०२० साली या आजारासाठी मान्य झालं. किंमत मात्र शेतकरी घराला पेलणारी नाही.

प्रश्न : सासूबाई ५८ वर्षांच्या. चेहरा अचानक लालबुंद होतो, दिवसाला आठ-दहा जुलाब. आतड्याचा कार्सिनॉइड, यकृतात पसरलेला, असं निदान. आता गळ्याभोवती आणि हातांवर काळपट, खरबरीत चट्टे आले आहेत. चोवीस तासांची लघवी तपासायची आहे, लॅबने फक्त ‘केळी खाऊ नका’ सांगितलं. — मडगाव

उत्तर : आधी चट्टे, कारण त्यांचा इलाज सोपा आणि स्वस्त आहे. ही गाठ सेरोटोनिन नावाचं रसायन बनवते आणि त्यासाठी अन्नातलं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल पळवते. निरोगी शरीर सुमारे १ टक्का ट्रिप्टोफॅन सेरोटोनिनसाठी वापरतं. कार्सिनॉइडमध्ये हा वाटा निम्म्याच्या वर जाऊ शकतो. उरलेल्यातून शरीराला नायसिन (व्हिटॅमिन बी-३) बनवायचं असतं, ते उरतच नाही. परिणाम पेलाग्रा : ऊन लागणाऱ्या जागी चट्टे, गळ्यात हार घातल्यासारखा पट्टा, जुलाब, पुढे विसराळूपणा. दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांत हा आजार दिसायचा, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन यांच्या चमूने १९६० च्या दशकात ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवलं होतं. त्या तर्कावर पुढे वाद झाले, पण त्वचा बघून नायसिन आठवणारे जुने डॉक्टर त्यातूनच घडले.

उपाय निकोटिनामाइड (नायसिनचंच एक रूप), पेलाग्रात दिवसाला ३०० मिलिग्रॅमपर्यंत विभागून, तीन-चार आठवडे, सोबत बी-कॉम्प्लेक्स. दुकानदाराने बदली म्हणून निकोटिनिक ॲसिड दिलं तर घेऊ नका. ते काम तेच करतं, पण स्वतःच चेहरा लाल करतं, आणि मग गाठ बळावली की गोळीचा परिणाम, हे कुणालाच कळत नाही.

लघवीत ५-एचआयएए मोजतात, म्हणजे सेरोटोनिन मोडल्यावर उरणारा पदार्थ. ती अशी गोळा करा. आधीचे तीन दिवस केळी, अननस, टोमॅटो, वांगं, आक्रोड, किवी, ॲव्होकॅडो, आलूबुखार बंद. गोव्याच्या घरात टोमॅटो आणि अननस टाळणं जड आहे, पण एका वाटीने आकडा चढू शकतो. पॅरासिटामॉल आणि ग्वायफेनेसिन असलेलं खोकल्याचं औषध हेही आकडा खोटा वाढवतात. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, मनाने बंद करू नका. सकाळी सातची लघवी टाकून द्या, तिथून घड्याळ सुरू. दुसऱ्या दिवशी सातची धरून सगळी कॅनमध्ये. कॅनमध्ये लॅबने आम्ल घातलेलं असतं, ते ओतून कॅन धुऊ नका. भांड्यात करून मग ओता, थेट कॅनमध्ये केल्यास आम्ल अंगावर उडतं. कॅन थंड आणि अंधारात ठेवा. एक वेळची चुकली तर प्रामाणिकपणे सगळी फेकून पुन्हा सुरू करा. ५-एचआयएए दिवसाला साधारण ८ मिलिग्रॅमच्या आत असतं.

ऑक्ट्रिओटाइडचं दीर्घ परिणामाचं इंजेक्शन दर २८ दिवसांनी कुल्ल्याच्या स्नायूत खोल जायला हवं. सुई आखूड पडून चरबीत गेलं तर तिथे गोळा बनतो आणि महिनाअखेरीआधीच लाली परतते. लाली थांबली आणि जुलाब मात्र चालूच, शौच तेलकट, भांड्याला चिकटणारं असेल तर तो इंजेक्शनचाच परिणाम असू शकतो. तेव्हा जेवणासोबत स्वादुपिंडाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात, इंजेक्शनचा डोस वाढवून उपयोग नाही. हृदयाची इको दरवर्षी करा. सेरोटोनिनने उजव्या बाजूच्या झडपा जाड होतात. डावीकडच्या बहुधा वाचतात, कारण वाटेत फुप्फुस सेरोटोनिन मोडून टाकतं. आणि दात काढायला गेलात तरी आजाराचं नाव आधी सांगा : बधिरतेच्या इंजेक्शनात ॲड्रिनलिन असतं आणि या रुग्णांत त्याने रक्तदाब एकदम ढासळू शकतो.

प्रश्न : मुलगा ८ वर्षांचा, २५ किलो. पोटात बर्किट लिम्फोमा. केमो सुरू करण्याआधीच दिवसरात्र सलाइन, दर सहा तासांनी रक्त, लघवी मोजून लिहायची. नर्स रक्ताची नळी बर्फात ठेवून धावत नेते. शहाळंही देऊ देत नाहीत. एवढं कशासाठी? — जळगाव

उत्तर : बर्किट लिम्फोमा हा लसिका पेशींचा कर्करोग. ही गाठ एक-दोन दिवसांत दुप्पट होते, आणि औषध पडताच तितक्याच झपाट्याने फुटते. प्रत्येक पेशी फुटताना पोटॅशियम, फॉस्फेट आणि केंद्रकातला माल रक्तात सांडते; त्या मालाचं युरिक ॲसिड होतं. पोटॅशियम हृदय थांबवू शकतं, युरिक ॲसिड मूत्रपिंडात खड्यांसारखं बसतं, फॉस्फेट कॅल्शियमला धरून खाली ओढतं आणि आकडी येते. सगळ्यांत उपयोगी शस्त्र पाणी. मुलाच्या शरीराच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ ०.९ चौरस मीटरच्या आसपास धरलं तर दिवसाला पावणेदोन ते पावणेतीन लिटर सलाइन (त्यात पोटॅशियम नाही) आणि तासाला सुमारे ९० मिली लघवी हे लक्ष्य असतं. सलग दोन तास त्याहून कमी दिसलं की वॉर्डला सांगा, सकाळच्या राउंडची वाट बघू नका.

बर्फाचं कारण असं : मुलाला रासब्युरिकेज दिलं असणार. ते युरिक ॲसिड चटकन मोडतं, पण नळीत पडलेल्या रक्तातही मोडतच राहतं. नळी टेबलावर तासभर राहिली तर आकडा खोटा कमी येतो आणि सगळे निश्चिंत होतात. म्हणून आधीच गार केलेली नळी, बर्फाचं पाणी, आणि चार तासांच्या आत तपासणी. या औषधाआधी जी-६-पीडी तपासतात, कारण मोडताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि हे एन्झाइम कमी असलेल्यांच्या लाल पेशी त्याने फुटतात. पारशी आणि काही आदिवासी समाजांत ही कमतरता तुलनेने जास्त आढळते. रक्त चढवलेलं असेल तर दात्याच्या पेशींमुळे ही तपासणी खोटी ‘नॉर्मल’ येऊ शकते, तेव्हा नमुना रक्त चढवण्याआधीचा हवा.

सलाइनमध्ये सोडा घालून लघवी अल्कधर्मी करण्याची रीत पूर्वी होती. त्याने कॅल्शियम-फॉस्फेट मूत्रपिंडात साचतं म्हणून आता ती बहुतेकांनी सोडली आहे. नुसता कॅल्शियमचा आकडा कमी दिसला, मुलाला काही त्रास नाही, तर डॉक्टर कॅल्शियम देत नाहीत, त्याचंही कारण हेच.

आणि शहाळं. पाव लिटर शहाळ्याच्या पाण्यात साधारण ५०० ते ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं, केळी नाहीतर मोसंबी घेऊनच येतो. पहिला आठवडाभर ती पिशवी खोलीबाहेरच ठेवा.

प्रश्न : काकांना रक्ताचा कर्करोग, पांढऱ्या पेशी २ लाख ४० हजार. लॅबने साखर ३१ आणि पोटॅशियम ६.८ कळवलं. काका पेपर वाचत बसले होते. — ठाणे

उत्तर : मग बहुधा काका बरोबर आहेत आणि नळी चुकीची. एवढ्या पेशी नळीतही जिवंत असतात आणि वाटेत साखर खात राहतात. फ्लोराइडची नळीही पहिल्या तास-दोन तासांत त्यांना पुरतं रोखत नाही. शिवाय या पेशी नाजूक असतात. रुग्णालयातल्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या पाइपमधून सुसाट पाठवलेली नळी आदळली की त्या फुटतात आणि आतलं पोटॅशियम बाहेर पडतं. नमुना दंडाला पट्टा फार न आवळता घ्या, हाताने लॅबमध्ये न्या, लगेच सेंट्रिफ्यूज करायला सांगा. नाहीतर खाटेजवळच ग्लुकोमीटर आणि ब्लड गॅसच्या मशीनवर पाहा. सोबत एक ईसीजी काढा. तो स्वच्छ असेल तर पोटॅशियम उतरवणारं इन्सुलिन देण्याआधी दुसरा नमुना येऊ द्या. खोट्या आकड्यावर दिलेलं इन्सुलिन साखर खरोखर पाडतं.

प्रश्न : मावशीला पॅराथायरॉइडचा कर्करोग असावा म्हणतात. कॅल्शियम १४.६. आम्ही दूध-दही बंद केलं आहे. ऑपरेशन आठ दिवसांनी. लघवी सारखी होते, दोन दिवसांपासून असंबद्ध बोलते. गाठीत सुई घालून तपासून घेऊ का? — पुणे

उत्तर : सुई नको. या गाठीचं आवरण फुटलं तर पेशी मानेत पेरल्या जातात. ती अखंड, थायरॉइडच्या त्या बाजूच्या भागासकट काढायची असते.

आणि आठ दिवस थांबणंही नको. १४ च्या वर कॅल्शियम आणि असंबद्ध बोलणं म्हणजे आजच भरती. दूध बंद करून फारसं साधत नाही, कारण कॅल्शियम हाडांतून उपसलं जातं आहे. लघवीवाटे पाणी जातं, अंग सुकतं, त्याने कॅल्शियम आणखी चढतं. हे चक्र सलाइननेच तुटतं. भरतीला जाताना रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा. त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल तर ते थांबवावं लागेल, ते कॅल्शियम धरून ठेवतं. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असेल तर कॅल्शियमचा खरा आकडा आणखी वर असतो : ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, ०.८ ने गुणा, आणि कॅल्शियममध्ये मिळवा. अल्ब्युमिन ३ असेल तर मावशींचं कॅल्शियम १५.४.

कॅल्शियम उतरवणाऱ्या औषधांत कॅल्सिटोनिन काही तासांत काम करतं पण दोन दिवसांत त्याचा जोर ओसरतो. झोलेड्रोनिक ॲसिड ४ मिलिग्रॅम, किमान पंधरा मिनिटं लावून हळूहळू, क्रिएटिनिन पाहून. त्याला दोन-चार दिवस लागतात, म्हणून दोन्ही एकदमच सुरू करतात. सिनाकॅल्सेटच्या गोळ्या या कर्करोगात उपयोगी आहेत, मळमळतं म्हणून जेवणासोबत द्या.

ऑपरेशननंतर उलटा प्रकार होतो. उपाशी हाडं रक्तातलं कॅल्शियम शोषून घेतात, बहुधा पहिल्या दोन-चार दिवसांतच. ओठांभोवती किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या की ‘झोप नीट झाली नसेल’ म्हणून गप्प बसू नका, बेल दाबा.